विचारपूस

घरी आलेला पाहुणा पूर्वी बाथरूमचं बटण कुठे आहे ते विचारायचा, आता वाय-फायचा पासवर्ड विचारतो. त्यात वावगं काही नाही. भाचा नाशिकहून येतो, बूट काढता काढताच म्हणतो, "मावशी, पासवर्ड जुनाच ना?" आणि घरातली तीन माणसं तीन वेगळे पासवर्ड सांगतात. कुणाच्या मते पहिला एस मोठा आहे, कुणाच्या मते ॲट द रेट नातीच्या नावानंतर येतं. शेवटी कुणीतरी टीव्हीमागे हात घालून राऊटर उलटा करतं आणि खालच्या स्टिकरवरची मुंगीएवढी अक्षरं टॉर्च मारून वाचू लागतं. ते शून्य की ओ, एक की एल, यावर घरात दोन तट पडतात. तोवर चहा आलेला असतो आणि भाच्याने स्वतःचा डेटा सुरू केलेला असतो.

आमच्याकडे हा खेळ आता संपला. दाराजवळच्या कॅलेंडरखाली एक क्यूआर कोड चिकटवला आहे. जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने १९९४ मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी काढलेला हा चौकोन. आमच्या चौकोनात नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार एवढंच आहे. पाहुणा कॅमेरा धरतो, फोन विचारतो जोडू का, आणि काम होतं. ही सोय इतकी सरळ असण्याचं श्रेय तंत्राला थोडं आणि नात्याला जास्त आहे. भाचा कोण, कुठला, कशासाठी आला, हे त्या चौकोनाला विचारावं लागत नाही. दार उघडतानाच ते कळलेलं असतं.

पंचाईत होते ती यजमान आणि पाहुणा एकमेकांना ओळखत नाहीत तिथे. लॉज, विमानतळ, कॉफीचं दुकान, मंगल कार्यालय, रुग्णालय. तिथे वाय-फायला जोडून घेतलं की एक पान उघडतं आणि प्रश्न विचारू लागतं. मोबाइलच्या पडद्यावरचा मजकूर लिहिणं हा माझा धंदा असल्यामुळे मला या पानांचा नाद आहे. एखाद्या संस्थेच्या भिंतीवरचं ब्रीदवाक्य मी वाचत नाही, तिचं लॉगिनचं पान वाचते. संस्था आपल्याला काय समजते, ते तिथे लपत नाही.

हे पान मुळात उघडतं कसं, ती गोष्ट मजेची आहे. नव्या नेटवर्कला जोडल्यावर पुढे दार आहे की मोकळं रान, हे फोनला ठाऊक नसतं. म्हणून तो आपल्याला न सांगता एक चाचणी घेतो. ज्याचं उत्तर त्याला आधीच पाठ आहे असं एक पान तो मागवतो. ॲपलच्या फोनला तिथे 'सक्सेस' एवढा शब्द हवा असतो. अँड्रॉइडला तर शब्दही नको. २०४ क्रमांकाचं कोरं उत्तर आलं की नेट चालू आहे असं तो समजतो. मध्ये दार असलं तर ते ही मागणी अडवतं आणि गूगलच्या किंवा ॲपलच्या नावाखाली स्वतःचंच पान पुढे सरकवतं. अपेक्षित उत्तर आलं नाही, त्या अर्थी कुणीतरी मध्ये बसलंय, हे फोन ओळखतो आणि लॉगिनची खिडकी उघडून देतो. हा सगळा पाहुणचार असा एका तोतयेगिरीवर उभा आहे.

पूर्वी ती खपून जायची. पुढे बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर गेली, पत्त्याशेजारी कुलूप दिसू लागलं आणि तोतया पकडला जाऊ लागला. ब्राउझर बजावतो की समोरचा जो म्हणवतोय तो हा नाही, सावध राहा. आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, ॲडव्हान्स्डवर दाबा, मग प्रोसीड करा, काही होत नाही." बँक वर्षभर जे करू नका म्हणून बजावते, तेच एका कॉफीपायी आपल्याकडून करवून घेतलं जातं. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या आयईटीएफ या मंडळाला हे खटकत होतं. त्यांनी २०१२ मध्ये 'आधी ओळख पटवा' असं सांगणारा ५११ हा वेगळा क्रमांक ठरवला. २०२० मध्ये ते आणखी पुढे गेले: नेटवर्क फोनला पत्ता देतं त्याच वेळी त्याने सांगावं की आमच्याकडे दार आहे आणि ते अमुक ठिकाणी आहे. दुसऱ्याचं सोंग न घेता स्वतःच्या नावाने बोलावं, एवढीच सुधारणा. आरएफसी ८९१० आणि ८९०८ अशा रुक्ष नावांच्या त्या कागदांत मला सभ्यपणाचा एक धडा दिसतो. अर्थात धडा छापून आला म्हणून वर्गातली जुनी सवय लगेच सुटत नाही.

पण दार स्वतःच्या नावाने बोललं, तरी ते आपला नंबर का मागतं? त्याचं उत्तर नवी मुंबईत आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना गेलेला ईमेल सानपाड्यातल्या एका सदनिकेच्या वाय-फायवरून गेल्याचं तपासात निघालं. तिथे राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचं वाय-फाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. त्याच वर्षी माटुंग्याच्या एका महाविद्यालयाचं आणि चेंबूरच्या एका कार्यालयाचं वाय-फाय तसंच वापरलं गेलं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने सूचना काढली की सार्वजनिक जागी वाय-फाय देताना वापरणाऱ्याची ओळख ठेवा. ओळखपत्राची प्रत घ्या, नाहीतर मोबाइलवर संदेशाने पासवर्ड पाठवा. आज मंगल कार्यालयात जेवणाची पंगत उठेपर्यंत वेळ काढायला आपण जो ओटीपी टाकतो, तो त्या भीतीला दिलेला जबाब असतो. लंडनच्या २००५ च्या स्फोटांनंतर इटलीनेही असाच कायदा केला होता. तिथे सायबर कॅफेत बसायलासुद्धा ओळखपत्र लागायचं. २०११ पासून त्यांनी ती सक्ती उठवली. आपली राहिली.

या नियमाशी माझं भांडण नाही. तो का आला ते मुंबईत राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. भांडण आहे ते नियमाच्या आडोशाने आत शिरणाऱ्यांशी.

हे मला स्वच्छ दिसलं ते एका वर्गमित्राच्या रुग्णालयात. त्याचा फोन आला, "अगं, वाय-फायवरून लोक रोज रिसेप्शनला भांडतायत. तुझंच काम आहे ना हे? ये आणि बघ जरा." मी गेले आणि आधी पान उघडलं. वर इमारतीचा फोटो, तोही सरकता. त्याखाली संपूर्ण आरोग्य तपासणीच्या पॅकेजची जाहिरात. मग नाव, आडनाव, ईमेल, मोबाइल, जन्मतारीख आणि 'आमच्याविषयी कुठून कळलं?' त्याखाली अटी मान्य असल्याची चौकट आणि तिच्याखाली, कुणीतरी आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली, आमच्या योजनांची माहिती पाठवत राहा अशी दुसरी चौकट. हे सगळं पार करून मग ओटीपी. सगळं इंग्रजीत. आणि समोर बाकांवर बसलेली माणसं शिरूर, दौंड, इंदापूरकडून आलेली, मांडीवर रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन.

एमआरआय आणि सीटी स्कॅन तळघरात होते. तळघरात रेंज नव्हती. इथे या सगळ्या व्यवस्थेतली गोम उघडी पडते. ओटीपी येतो मोबाइलच्या रेंजवर. ज्याला रेंज आहे त्याला वाय-फायची निकड बेताचीच. जिथे रेंज नाही तिथे वाय-फायवाचून अडतं, आणि नेमका तिथे ओटीपी पोचत नाही. लोकांनी यावर स्वतःच तोडगा काढला होता. तळघरात नंबर टाकायचा, जिना चढून बाहेरच्या मेडिकलच्या दुकानापर्यंत जायचं, संदेश आला की आकडे तळहातावर पेनने लिहायचे आणि परत खाली यायचं. खाली येईपर्यंत बरेचदा मुदत संपलेली असायची. ती संपली नसली तरी लॉगिनची खिडकी गायब झालेली असायची, कारण फोन हे पान नेहमीच्या ब्राउझरमध्ये न उघडता एका तात्पुरत्या खिडकीत उघडतो आणि माणूस संदेश बघायला दुसरीकडे गेला की ती मिटू शकते. मग पुन्हा नवा ओटीपी. तेवढ्यात जुना उशिरा येऊन टपकायचा. दोन ओटीपींपैकी खरा कुठला, हे विचारायला माणसं रिसेप्शनवर जायची, आणि भांडण तिथे पेटायचं.

इंदापूरकडचे एक आजोबा माझ्या शेजारी येऊन बसले. "पोरी, हे काय मागतंय बघ गं." सुनेला आत नेलं होतं, मुलगा नोकरीच्या गावाहून निघाला होता आणि मेडिक्लेमचे कागद व्हॉट्सॲपवर यायचे होते. मी पान भरून दिलं, आजोबा जिना चढून संदेश घेऊन आले. तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी मदतीला धावली, "आजोबा, काय आलाय ओटीपी, सांगा." आजोबांनी फोन छातीशी धरला. "नातू म्हणलाय, ओटीपी कुणाला म्हणून सांगायचा नाही." ती वैतागली, तिच्यामागे रांग होती. पण आजोबांचं काय चुकलं? फसवणुकीच्या या काळात नातवाने जे शिकवलं ते त्यांनी अक्षरशः पाळलं. चूक होती त्या पानाची. मागणारा कोण आणि कशासाठी मागतोय, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. बँकेचा ओटीपी आणि वाय-फायचा ओटीपी यांत फरक करायला त्यांच्या हाताशी काहीच नव्हतं.

आपल्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळपाणी देत आणि मग गाव विचारत. तहान खरी आहे हे धरून चालायचं, चौकशीला दिवस पडलाय. लॉगिनच्या पानाचा विचार करताना मला पहिल्यांदा हेच आठवलं आणि दुसऱ्या क्षणी त्यातली गफलतही दिसली. हे गूळपाणी सगळ्यांना मिळत नव्हतं. गावाच्या पाठोपाठ 'कुणापैकी?' हा प्रश्न यायचा आणि त्याच्या उत्तरावर भांडं ठरायचं. काहींच्या बाबतीत तर प्रश्न आधी आणि पाणी नाहीच. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदे मंडळात १९२३ मध्ये झाला, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही, आणि तरी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करावा लागला. वाय-फायची आणि त्या तळ्याची बरोबरी करायची माझी हिंमत नाही. मात्र 'सार्वजनिक' अशी पाटी लावली की जागा आपोआप सर्वांची होत नाही, आणि दारातला पहिला प्रश्न कधीच नुसता प्रश्न नसतो, एवढं महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं. कोण आहेस असं विचारणाऱ्याने स्वतःला आधी विचारावं की उत्तर कळल्यावर मी याच्याशी वेगळं वागणार आहे का.

मित्राच्या पानावर मी हीच परीक्षा लावली. प्रत्येक रकान्यापुढे लिहिलं की हे कोण विचारतंय. तीन विचारणारे निघाले. मोबाइल नंबर सरकार विचारत होतं. आडनाव, ईमेल, जन्मतारीख आणि 'कुठून कळलं' हे रुग्णालयाचा मार्केटिंग विभाग विचारत होता. आणि ओटीपीचे सहा आकडे सहा वेगळ्या चौकटींत, देशाचा क्रमांक आधी लावून की न लावता, हे यंत्र विचारत होतं, कारण कुणीतरी ते तसंच बांधून ठेवलं होतं. रुग्णाच्या नातेवाइकाच्या बाजूने विचारणारं त्या पानावर कुणीच नव्हतं.

यंत्राचे प्रश्न मिटवणं सोपं होतं. सहा चौकटींची एक चौकट केली, म्हणजे संदेशातला आकडा फोन स्वतःच सुचवू शकतो. अक्षरांऐवजी आकड्यांचा कीबोर्ड उघडेल असं केलं. नंबराआधी शून्य लावलं किंवा अधिक एक्याण्णव लावलं तरी पान कुरकुर करणार नाही, असं सांगून ठेवलं. फोटो आणि सरकती चित्रं काढली. ज्याच्याकडे अजून नेट नाही त्याला जड पान पाठवण्यात शहाणपण नाही. माणूस संदेश बघून परतला तर पान जिथे सोडलं होतं तिथेच सापडावं, आणि नवा ओटीपी मागितला तरी जुनाही काही वेळ चालावा, एवढी दोन वाक्यं यंत्रणा बांधणाऱ्यांकडून मान्य करून घेण्यात सगळ्यात जास्त चहा लागला. आयसीयूबाहेर रात्र काढणाऱ्याचं नेट दर तासाला तुटत होतं. ती मुदत वाढवून पूर्ण दिवसाची केली.

सरकारच्या प्रश्नाला वाट काढली ती मित्रानेच. रुग्ण दाखल होताना ओळखपत्राची प्रत घेतली जाते, केस पेपर निघतो आणि नातेवाइकाला पास दिला जातो. माणसाची ओळख इथे आधीच पटलेली असते. तेच दुसऱ्यांदा विचारायला तळघरात कशाला पाठवायचं? त्या पासावरच वाय-फायचा एक क्रमांक छापून देता येतो, रोज नवा, त्या पासापुरता. रेंज नसलेल्याला, साधा फोन ठेवून मुलाचा टॅब आणलेल्याला, परदेशातलं सिम घेऊन धावत आलेल्या मुलीला तो सारखाच चालतो. अशा मुलींचे हाल मी पाहिले आहेत. नंबराच्या रकान्यात देशाचा क्रमांक बदलायची सोयच नसते आणि वडील आत असतात.

राहिला मार्केटिंग विभाग. तिथला तरुण हुशार होता आणि मनापासून बोलत होता. "मॅडम, फुकट देतोय आपण. बदल्यात आपल्याला काहीच नको?" या प्रश्नाला उडवून लावण्यात अर्थ नव्हता. वाय-फायला पैसे पडतात आणि ते कुणीतरी भरतं. म्हणून मी त्याला म्हटलं, जमवलेला माल बघू या. यादी उघडली. त्यात एक जानेवारीला जन्मलेल्यांची जत्रा भरली होती, ईमेलांच्या रकान्यात एबीसी ॲट जीमेल आणि कीबोर्डवर सलग बोट फिरवून उमटलेली अक्षरं. सोसायटीच्या फाटकावरच्या वहीत वॉचमनच्या समाधानासाठी माणसं जे खरडतात, त्याच वाणाचं. खरा होता तो फक्त मोबाइल नंबर, कारण त्याशिवाय ओटीपी येत नाही, आणि त्याच नंबरांवर हे तपासणीच्या पॅकेजचे संदेश पाठवत होते. आई आयसीयूत असताना 'हृदयाची काळजी घ्या, २० टक्के सवलत' असा संदेश आलेला माणूस पुन्हा इथे कशाला येईल, असं मी विचारलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "पण अटींत लिहिलंय ना आपण."

अटींचं म्हणाल तर २०१७ मध्ये मँचेस्टरच्या पर्पल नावाच्या वाय-फाय कंपनीने मुद्दाम एक प्रयोग केला होता. अटींच्या जंगलात त्यांनी एक कलम सोडलं: वापरणाऱ्याने हजार तास समाजसेवा करावी, त्यात जत्रांमधली फिरती शौचालयं धुणं, तुंबलेली गटारं हाताने मोकळी करणं आणि गोगलगायींच्या शंखांना रंग देणं आलं. दोन आठवड्यांत २२ हजार माणसांनी ते मान्य करून टाकलं. कलम दाखवून देणाऱ्याला बक्षीस ठेवलं होतं. ते घ्यायला एकच जण पुढे आला. लोक बेफिकीर आहेत असा याचा अर्थ मी लावत नाही. दारात उभ्या माणसाला वीस पानं वाचायला देणाऱ्याला ती वाचली जायलाच नको असतात.

आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ही पळवाट बुजवायचा प्रयत्न केला आहे. संमती मोकळेपणी, नेमक्या कारणासाठी, समजून-उमजून आणि बिनशर्त दिलेली असावी, असं तो म्हणतो. संमती मागणारा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायची सोय द्यायला सांगतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्याने यायचा आहे. शिरूरच्या बाईला आपण कशाला हो म्हणतोय ते मराठीत कळावं, हा आता यजमानाचा चांगुलपणा राहणार नाही. तो तिचा हक्क होईल. तो हक्क अंमलात यायच्या आधीच पान मराठीत करून टाकण्यात मित्राचं काही जाणार नव्हतं, आणि त्याला ते पटलं.

माणसं खोटी जन्मतारीख देतात तसे फोनही आता नाव बदलून फिरतात. दुकानादुकानांतली वाय-फाय यंत्रं फोनच्या कायमच्या हार्डवेअर-पत्त्यावरून माणूस कुठे कुठे हिंडला याचा माग काढू शकत होती. म्हणून अँड्रॉइडच्या २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आणि ॲपलच्या २०२० च्या आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता लपवतात आणि प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनवलेला पत्ता देतात. हाव सुटलेल्या यजमानांनी स्वतःच्या पाहुण्यांना खोटं बोलायला शिकवलं, अगदी त्यांच्या खिशातल्या यंत्रांनासुद्धा.

मोबाइलचा डेटा इतका स्वस्त असताना हा सगळा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. गूगलनेही साधारण असंच म्हटलं. रेलटेलबरोबर जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू केलेलं स्थानकांवरचं मोफत वाय-फाय त्यांनी २०१८ पर्यंत चारशे स्थानकांत नेलं आणि २०२० मध्ये डेटा स्वस्त झाल्याचं सांगून त्यातून अंग काढून घेतलं. रेलटेलने ते पुढे सहा हजारांवर स्थानकांत चालू ठेवलं. मधल्या काळात एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल त्याच वाय-फायवर, डोक्यावर सामान आणि कानात इअरफोन, अशी स्पर्धा परीक्षेची तयारी करत होता आणि २०१८ मध्ये त्याने लेखी परीक्षा पार केल्याची बातमी देशभर गाजली. स्वस्त हा शब्द ज्याच्या त्याच्या खिशावर ठरतो. आणि तळघरातल्या भिंती पैशाला ओळखत नाहीत.

रोज रोज ओळख न सांगता आत जाता येतं, हेही कुणीतरी करून दाखवलं आहे. एज्युरोम ही विद्यापीठांची व्यवस्था दोन दशकांपूर्वी युरोपात सुरू झाली आणि भारतातही आली. तिच्यात सामील असलेल्या इथल्या संस्थेतला विद्यार्थी ॲमस्टरडॅमच्या आवारात पाऊल टाकतो आणि त्याचा फोन न विचारता जोडला जातो. तिथलं विद्यापीठ त्याला ओळखत नाही. ते त्याच्या विद्यापीठाला विचारतं, हा तुमचा का, आणि हो आलं की वाट देतं. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेचा विचारही याच अंगाने जातो. चहाच्या टपरीवाल्यानेसुद्धा परवान्याशिवाय वाय-फाय द्यावं, पिवळ्या पाटीच्या एसटीडी बूथवाल्याने फोन दिला तसं, आणि गिऱ्हाइकाने ॲपमध्ये एकदा ओळख पटवली की टपरीटपरीवर पुन्हा सांगायला लागू नये. कागदावरची ही कल्पना प्रत्येक टपरीवर तशीच उतरली आहे असा माझा दावा नाही. पण तिच्यात एक समज आहे: ओळख एकदा विचारायची असते, तीही एकानेच, ज्याला ती सांभाळता येते त्याने.

मित्राचं नवं पान आता दोन ओळींत आटोपतं. मोबाइल नंबर किंवा पासावरचा क्रमांक. त्याखाली लहान पण ठळक अक्षरांत लिहिलंय की हा नंबर सरकारी नियमामुळे घेत आहोत, त्यावर जाहिराती पाठवणार नाही, आणि हा ओटीपी फक्त वाय-फायचा आहे, बँकेचा नाही. तो इथे स्वतःच टाका, आमच्या माणसालासुद्धा सांगू नका. शेवटचं वाक्य आजोबांच्या नातवाचं आहे, मी फक्त उतरवून घेतलं. मार्केटिंगच्या तरुणाला आत गेल्यावर दिसणाऱ्या पानावर एक जागा दिली: हवी असेल तर तपासणीची माहिती मागवा. तिथे येणारी नावं अगदी थोडी असतात, पण त्यांच्या जन्मतारखा खऱ्या असतात, असं तोच सांगतो.

या कामातून एक साधा नियम मी घेतला आहे आणि आता कुठलंही पान हातात आलं तरी तोच लावते. प्रश्न विचारणाऱ्याने कारण त्याच ओळीत सांगावं. कारण सांगायची लाज वाटत असेल तर प्रश्न काढून टाकावा. आणि काढून टाकता येत नाही असं कुणी म्हणालंच, तर ते म्हणणारा कोण, त्याचं नावही पानावर लिहावं.